कोळी चौकटीत, जाळे चौकटीबाहेर

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी काठीला केरसुणी बांधून जळमटं काढली जातात, आणि नेमका त्याच दिवसांत सह्याद्रीच्या रानवाटांवर जाळ्यांचा हंगाम भरात असतो. पावसावर रान वाढते, रानावर किडे पोसतात, किड्यांवर कोळी. हा हिशेब सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत डोळ्यांना दिसतो. सकाळच्या दवात वाटेवर आडवी आलेली जाळी चमकतात आणि सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या तोंडाला चिकटतात. या जाळ्यांत एक कोळी असा असतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कोळी वाटतच नाही. करंगळीच्या नखाएवढे, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, खेकड्याच्या पाठीसारखे टणक पोट. त्यावर पांढरट-पिवळे आणि काळपट आडवे पट्टे. कडेने सहा काटे. पाय आखडून बसला की सराट्याचे फळ वाऱ्याने येऊन जाळ्यात अडकले असावे असे वाटते. हा काटेरी कोळी. शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीला गॅस्टरॅकँथा म्हणतात. ग्रीक भाषेतले पोट आणि काटा हे दोन शब्द जोडून सुंडेव्हाल यांनी १८३३ मध्ये हे नाव दिले. भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या जेमिनाटा या जातीचे वर्णन त्याही आधी, १७९८ मध्ये, फॅब्रिशियस यांनी करून ठेवले होते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात याचाच एक नातेवाईक भेटतो, मॅक्रॅकँथा आर्क्युआटा. त्याच्या मधल्या दोन काट्यांची शिंगे झालेली असतात, कमानीसारखी वाकलेली आणि अंगापेक्षाही लांब.

असा देखणा प्राणी कॅमेऱ्यातून सुटणे शक्यच नव्हते. मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश सामान्य हौशी माणसाच्या हातात आल्यापासून काटेरी कोळ्याचे एक ठरावीक चित्र तयार झाले आहे. पाठीमागे गडद काळोख, मध्यभागी कोळी, पट्टे बरोबर आडवे, काटे डावी-उजवीकडे समसमान, आणि जाळ्याचे दोन-चार धागे असले तर असले. चित्र सुंदर असते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या चित्राला निरीक्षण म्हणण्याबद्दल. काटेरी कोळ्याविषयी आज विचारण्यासारखे जे सर्वांत मोठे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे ज्या गोष्टींत दडलेली आहेत, त्याच गोष्टी हे चित्र बाहेर टाकते: मागची पार्श्वभूमी, अंगावर पडणारा मूळ प्रकाश, कोळी जाळ्यात कोणत्या कोनात बसला आहे तो कोन, जाळ्याचा आकार, आणि वेळ. म्हणजे पुरावा टाकून देऊन आरोपीचा फोटो तेवढा फायलीला लावल्यासारखे हे झाले. हे म्हणणे नुसते हटवादी वाटू नये म्हणून ते पुराव्यानिशी मांडायला हवे, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत या कोळ्यांवर झालेले काम त्यासाठी पुरेसे आहे.

आधी जाळ्याकडे पाहू. मराठीत मासे धरणारा तोही कोळी आणि हा आठ पायांचा तोही कोळीच. दोघांची ओळख अंगावरून होत नाही, जाळ्यावरून होते. काटेरी कोळ्याचे जाळे बैलगाडीच्या चाकाच्या रचनेचे असते. मधोमध तुंबा, तिथून निघालेले आरे, आणि आऱ्यांवर गुंडाळत गेलेले चिकट धाग्याचे फेरे. तुंबा आणि चिकट फेरे यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहते. हे चाक सहसा सरळ उभे नसते, जरा कलते असते, आणि कोळी त्याच्या खालच्या अंगाला, डोके खाली करून लटकतो. त्यामुळे त्याचे पोट जाळ्याकडे आणि रंगीत पाठ बाहेर, तिरकी खाली, वळलेली असते. आणखी एक गोष्ट. वर्तुळाकार जाळी विणणारे कित्येक कोळी दिवसा पानाच्या गुंडाळीत किंवा सालीच्या फटीत दडून बसतात आणि अंधार पडल्यावर जाळ्यात येतात. काटेरी कोळीण भर उन्हात तुंब्यावर ठाण मांडून असते. जाळ्यातली ही रंगीत बाई नेहमी मादीच असते हेही इथेच सांगून टाकलेले बरे. अमेरिकेतल्या कँक्रिफॉर्मिस या जातीत मादी पाच ते नऊ मिलिमीटर लांब आणि दहा ते तेरा मिलिमीटर रुंद असते, नर मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, बिनभपक्याचा.

इथे कोडे सुरू होते. जो शिकारी स्वतः हलत नाही, सापळा लावून वाट बघतो, त्याला लपणे फायद्याचे असायला हवे. जाळे दिसू नये म्हणून धागा इतका बारीक ठेवायचा आणि त्याच्या बरोबर मध्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा फलक टांगायचा, हे शिकाऱ्याच्या धंद्याला सोडून आहे. मार्क हाउबर यांनी हाच प्रश्न घेऊन ईशान्य ऑस्ट्रेलियात फोर्निकाटा या जातीवर काम केले आणि २००२ मध्ये ते प्रसिद्ध केले. फोर्निकाटा ही ऐतिहासिक जात आहे. कॅप्टन कुकच्या सफरीत १७७० साली गोळा झालेल्या नमुन्यांवरून १७७५ मध्ये तिचे वर्णन झाले आणि ऑस्ट्रेलियातल्या कोळ्यांपैकी शास्त्रीय नाव सर्वांत आधी मिळाले ते हिला. हाउबर यांनी काही कोळिणींच्या पाठीवरचे पट्टे काळ्या रंगाने झाकले, आणि रंग लावण्याच्या त्रासानेच फरक पडतो की काय हे तपासण्यासाठी काहींना हाताळले पण त्यांचे पट्टे तसेच ठेवले. काळ्या केलेल्या कोळिणींना भक्ष्य कमी मिळाले. निष्कर्ष असा निघाला की रंग हे आमिष आहे. डोळ्यांनी वाट काढणारे किडे त्याकडे ओढले जातात. हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच्या आधीची पायरी मात्र फारशी सांगितली जात नाही. रंगाची बाटली उघडण्यापूर्वी हाउबर यांनी रानातली जाळी नुसती मोजली होती, आणि जाळ्याच्या मानाने कोळीण जितकी मोठी तितके जाळ्यात अडकलेले किडे जास्त, असे त्यांना दिसले होते. प्रयोगाची कल्पना तिथून आली. हे नाते पाहायचे तर कोळी आणि जाळे ही दोन्ही मापे हातात असावी लागतात. काळ्या पार्श्वभूमीच्या हजार फोटोंतून ते कधीच निघाले नसते.

आता दुसरी बाजू. ब्राझीलमध्ये फेलिपे गाव्रिशेव्स्की आणि पाउलो मोट्टा यांनी कँक्रिफॉर्मिसवर हीच शंका तपासली आणि २०१२ मध्ये उलटा निकाल दिला: रंगामुळे या कोळ्याला भक्ष्य जास्त मिळते असे आढळत नाही. कोणी म्हणेल, मग दोघांपैकी एकजण चुकला. ही घाई आहे. जाती वेगळ्या, खंड वेगळे, झाडी वेगळी, उडणारे किडे वेगळे आणि जाळ्यामागचा उजेडही वेगळा. एकाच प्रजातीचे नाव दोघींना लागले म्हणून दोघींच्या रंगाचे काम एकच असले पाहिजे असे नाही. आपल्याकडे मात्र लोकप्रिय लेखनात ऑस्ट्रेलियातला निकाल सरळ उचलून सह्याद्रीतल्या जेमिनाटाच्या फोटोखाली लिहिला जातो, ‘हा कोळी आपल्या रंगाने किड्यांना भुरळ घालतो’, जणू ते सगळीकडे सिद्ध झाले आहे. दोन निकालांतून एकच गोष्ट ठामपणे निघते. रंगाचे उत्तर कोळ्याच्या अंगात सापडणार नाही. अंग, जागा आणि बघणारा किडा या तिघांच्या मधे कुठेतरी ते आहे.

हा तर्क कोरडा राहिला असता, पण थॉमस व्हाइट आणि डॅरेल केम्प यांनी २०१६ मध्ये त्याला आकडे दिले. फोर्निकाटा दोन रंगांत येते. काही माद्यांचे पट्टे पिवळे असतात, काहींचे पांढरे, आणि दोन्ही एकाच रानात शेजारी शेजारी राहतात. एका जातीने दोन रंग का बाळगावेत? व्हाइट आणि केम्प यांनी रानातल्या, हात न लावलेल्या कोळ्यांकडे दीर्घकाळ पाहिले, जाळ्याभोवतीचा प्रकाश आणि मागची झाडी मोजली, आणि मग माशीच्या डोळ्याला हे सगळे कसे दिसत असेल याचे गणित मांडले. भक्ष्य सापडले ते क्षण आणि न सापडले ते क्षण यांची तुलना केल्यावर दिसले की पिवळ्या कोळिणींना शिकार मिळाली ती बहुधा रंगाचा विरोध मागच्या झाडीशी जास्तीत जास्त असताना. पांढऱ्यांना मिळाली ती उजळपणाचा विरोध जास्त असताना. तेच अंग, तेच पट्टे. मागचा पडदा आणि उजेड बदलला की त्यांची किंमत बदलते. फ्लॅशच्या उजेडात काळोखापुढे टिपलेल्या फोटोत हे दोन्ही घटक शिल्लकच नसतात. फ्लॅश म्हणजे फोटोग्राफरने आणलेला सूर्य, आणि काळी पार्श्वभूमी म्हणजे त्याने आणलेली रात्र. कोळीण मात्र दुपारी दोन वाजता करवंदीच्या जाळीपुढे, पानांतून गाळून आलेल्या हिरवट उजेडात बसलेली होती.

यानंतरचे व्हाइट यांचे २०१७ मधले काम फोटो काढणाऱ्यांनी तरी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. त्यांनी पाहिले की ही कोळीण जाळ्यात कशीही बसत नाही. आपल्या पट्ट्यांचा रोख ती स्वतः सांभाळते, आणि तिचा कल कर्णाच्या दिशेकडे, म्हणजे तिरका बसण्याकडे, असतो. नंतर रानात मोजणी केल्यावर असे दिसले की जाळ्यावर किडे आदळण्याचे प्रमाण पट्ट्यांच्या कोनाप्रमाणे बदलते, आणि कोळीण जो कोन पसंत करते त्याच्या आसपास ते चढलेले असते. पिवळी की पांढरी याने तिथे फरक पडला नाही; कोनाने पडला. म्हणजे आपण ज्याला अंगावरची नक्षी म्हणतो, ती नक्षी आणि तिला धरून बसण्याची ढब असे ते जोडकाम आहे. आता फोटो काढल्यानंतर काय होते ते आठवा. कॅमेरा आधीच थोडा फिरवलेला असतो, कोळी चौकटीत सरळ बसावा म्हणून. उरलेला तिरकेपणा संगणकावर सरळ केला जातो. दहा अंश इकडे, वीस अंश तिकडे. पट्टे आडवे होतात, काटे समतोल होतात, चित्र डोळ्यांना गोड लागते. आणि जो कोन कोळिणीने ठरवून घेतला होता, ज्यावर तिचे पोट अवलंबून असू शकते, तो माऊसच्या एका हालचालीत पुसला जातो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, आणि त्यामुळेच हे जास्त खटकते.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप रास्त आहे. फोटो नसते तर कोणती जात कुठे आढळते हे कळले असते का? नसते, किंवा फार उशिरा कळले असते. कोळ्यांच्या जगातल्या नोंदलेल्या जातींचा आकडा २०२२ मध्ये पन्नास हजारांवर गेला. इतक्या जातींचा वावर मूठभर तज्ज्ञांनी नोंदायचा म्हटले तर पिढ्या जातील. आपल्याकडे १९०० मध्ये पोकॉक यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेत कोळ्यांचा खंड लिहिला. पुढे बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत दीर्घकाळ काम करून कोळ्यांचे खंड सिद्ध केले. त्यांच्या कामाचा मोठा काळ पुण्याच्या केंद्राशी जोडलेला आहे आणि त्यांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ मध्ये आले. ही सगळी इमारत अल्कोहोलच्या बाटल्यांत ठेवलेल्या नमुन्यांवर उभी आहे. काटेरी कोळ्याच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे गेले, कारण त्याचे पोट टणक. बाटलीत ते सुरकुतत नाही आणि काटे जसेच्या तसे राहतात. पण रंग विटतो, आणि जाळे तर बाटलीत येतच नाही. रंगाचा भरवसा नसल्याने घोळही झाले. कँक्रिफॉर्मिस कुठे पांढरी, कुठे पिवळी, कुठे नारिंगी, काटे कधी लाल कधी काळे. एकाच जातीला वेगवेगळ्या हातांनी अनेक नावे दिली आणि ती नंतर एकत्र करावी लागली. जिवंत प्राण्याच्या फोटोंनी रंगाची ही उणीव भरून काढली हे मान्यच करायला हवे. तक्रार एवढीच आहे की बाटलीची दुसरी उणीव, जाळ्याची, भरून काढण्याची सोय कॅमेऱ्यात असूनही ती वापरली जात नाही. जवळच्या फोटोआधी दोन पावले मागे येऊन, फ्लॅश बंद करून, कॅमेरा सरळ धरून, सगळे जाळे आणि मागची झाडी दिसेल असा एक फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो. तो देखणा नसतो. पण पुढे कोणी कोन मोजायला बसला तर त्याला उपयोगी पडेल तो हाच.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो आणि तो जास्त टोकदार आहे. हौशी माणसाने एका जाळ्यासमोर तासभर बसून काय सिद्ध होणार? आपल्याला जे पाहायचे असते तेच आपण पाहतो; माशी अडकली की लिहून ठेवतो, न अडकलेला पाऊण तास विसरतो. हे खरे आहे, आणि त्यावर उपायही जुनाच आहे: रिकामा वेळ लिहून ठेवणे. व्हाइट आणि केम्प यांच्या निष्कर्षाचा सगळा डोलारा शिकार न मिळालेल्या क्षणांवर उभा आहे. त्यांच्याशिवाय मिळालेल्या क्षणांना अर्थच राहत नाही. दर दहा मिनिटांनी जाळ्यावर काय होते आणि काय नव्हते एवढे लिहिले, तर ‘काही नाही’ असा शेरा पाच वेळा आला तरी ती वही कामाची ठरते. एका माणसाच्या एका वहीने काही सिद्ध होत नाही हेही खरेच. पण प्रयोगशाळेतला संशोधक एका हंगामात एका रानात बसू शकतो. फणसाडला, आंबोलीला, ताम्हिणीला आणि गोव्यातल्या बोंडल्याला एकाच आठवड्यात बसू शकत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर जागेनुसार बदलते असे ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलने दाखवून दिले, त्या प्रश्नाला अनेक जागांवरचे डोळे लागणारच. प्रयोग मोठा की निरीक्षण, हा वाद इथे गैरलागू आहे. काळा रंग लावण्याचा प्रयोग करायचा की नाही हे आधीच्या मोजणीनेच सुचवले होते.

नुसत्या पाहण्याने सिद्धान्ताला धक्का कसा बसतो याचा एक नमुना जाळ्यावरच्या पांढऱ्या बोंडांचा आहे. काही काटेरी कोळ्यांच्या जाळ्यात, विशेषतः कडेच्या धाग्यांवर, कापसाच्या कणांसारखी रेशमाची बोंडे ओळीने दिसतात. डोळ्यांना ती चटकन दिसतात. बारीक धागा दिसला नाही तरी हवेत टांगलेली ठिपक्यांची रांग दिसते. ही सजावट कशासाठी? एक मत असे की तीही आमिष आहे. दुसरे असे की पक्षी किंवा मोठे जनावर घुसून जाळे फाडू नये म्हणून लावलेली ती इशाऱ्याची झालर आहे, रस्त्याच्या कामावर दोरीला बांधतात तशी. रोडोल्फो जाफे, विल्यम एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कँक्रिफॉर्मिसविषयी लिहिलेल्या लेखात एक साधे निरीक्षण वजनदार ठरले. ही कोळीण कधीकधी चिकट फेरे न घालता, नुसते विसाव्यापुरते धागे ताणून बसते, आणि त्या धाग्यांवरही बोंडे लावते. जिथे किडा अडकणारच नाही तिथे आमिष कशाला टांगायचे? त्यांचा कल इशाऱ्याच्या बाजूने गेला. २००८ मध्ये गाव्रिशेव्स्की आणि मोट्टा यांनी आमिषाची कल्पना तपासली तेव्हाही बोंडांनी किडे ओढले जात असल्याचा पुरावा मिळाला नाही. यातला कळीचा दुवा कोणालाही दिसण्यासारखा होता. त्याला भिंग लागत नव्हते की परवाना. लागत होते ते एवढेच, की पकडीचे जाळे आणि विसाव्याचे धागे यांतला फरक ओळखून तो टिपून ठेवायचा. जवळून काढलेल्या फोटोत बोंडे येत नाहीत, कारण ती कडेला असतात. आली तर नको असलेले ठिपके म्हणून पुसली जातात.

काट्यांचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि इथे निरीक्षणाची मर्यादा कबूल केली पाहिजे. काटे संरक्षणासाठी असतात, हे एलिझाबेथ पेकहॅम यांनी १८८९ मध्येच मांडले होते, आणि ते पटण्यासारखेही आहे: टणक, काटेरी घास कोण गिळेल? अमेरिका खंडातल्या मायक्रॅथेना नावाच्या कोळ्यांनाही असेच टणक, काटेरी पोट असते. एके काळी दोघांना जवळचे भाऊबंद मानत. जनुकांच्या अभ्यासाने ते नाते ढिले केले आहे, म्हणजे हा साज दोन घराण्यांत स्वतंत्रपणे आलेला दिसतो. दिवसा उघड्यावर बसणाऱ्याला कवच लागते, असे यावरून म्हणावेसे वाटते. पण पटणे वेगळे आणि दिसणे वेगळे. कोळ्यावर हल्ला होताना दिसणे हा योग फार दुर्मीळ, आणि हल्ला फसताना दिसणे त्याहून दुर्मीळ. शंभर तास बसूनही तो क्षण हाती येईल याची खात्री नाही. अशा वेळी जाळ्यासमोरून उठून दुसरीकडे पाहावे लागते. आपल्या घरांच्या वळचणीला मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि पिल्लांसाठी कप्प्याकप्प्यांत कोंबून ठेवते. टाकून दिलेल्या किंवा गळून पडलेल्या अशा घरट्यांतून निघणारे कोळी मोजले, त्यात मऊ पोटाचे किती आणि काटेरी किती हे पाहिले, आणि त्याच परसातल्या जाळ्यांतले प्रमाण शेजारी मांडले, तर काट्यांच्या उपयोगाबद्दल काहीतरी ठोस हाती लागेल. फोटोला यात भाग नाही. आर्क्युआटाच्या लांब शिंगांचे कोडे तर याहून अवघड आहे. संरक्षणासाठी इतकी लांबी कशाला, हा प्रश्न पेकहॅम यांच्या उत्तरात बसत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे कोळ्याला त्रास न देता होते का? फोटोपेक्षा निरीक्षण निरुपद्रवी असते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तासभर श्वास टाकत, सावली पाडत बसलेला माणूसही रानातल्या घटकांपैकी एक होतो. तरी फरक आहे. जाळे उठून दिसावे म्हणून त्यावर पिठाची भुकटी उडवण्याची किंवा फवारणीच्या बाटलीने पाणी मारण्याची रीत फोटोच्या हव्यासातून आली. भुकटी बसलेला धागा चिकट राहत नाही, म्हणजे त्या दिवसाची शिकार गेली. जाळे नव्याने विणावे लागते, आणि धागा हा कोळिणीच्या अंगातून निघालेला माल आहे. जाळ्यात माशी सोडून ‘आता बघा कशी झडप घालते’ हा प्रकारही त्याच जातीचा. त्यातून झडप दिसते, पण ती माशी त्या जाळ्यावर स्वतःहून आली असती का हा मूळ प्रश्न बाद होतो. जाळे पाहायला भुकटी लागतही नाही. ते आपल्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहिले की प्रत्येक आरा उजळतो, आणि कोन मोजायला खिशातली दोरी आणि तिला बांधलेला खडा पुरतो. दोरी सरळ लोंबते, पट्टे तिरके दिसतात, फोटोत दोन्ही आले की काम झाले.

जाळे चौकटीत घेतले म्हणजे आणखी एक रहिवासी दिसू लागतो. मादीच्या जाळ्याशेजारी एका सुट्या धाग्यावर लटकणारा, तिच्यापुढे तांदळाच्या कणीएवढा वाटणारा नर. त्याला ते रंग नाहीत, तसले काटे नाहीत. जवळच्या फोटोत तो येत नाही आणि आला तरी कचरा वाटतो. फ्लॉरिडातल्या लिंबूवर्गीय फळांच्या बागांत या कोळ्यांचा जीवनक्रम नोंदवून मार्टिन मुमा यांनी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यात या नराचीही नोंद आहे. समागमानंतर नर काही दिवसांत मरतो. मादी पानाच्या खालच्या अंगाला पिवळसर-हिरवट रेशमाची गादी घालून तीत अंडी ठेवते. मुमा यांनी मोजलेल्या कोशांत ती १०१ पासून २५६ पर्यंत भरली. त्यानंतर तीही मरते. जाळे दोन-चार दिवसांत वाऱ्याने विरून जाते. फोटो काढायला आलेल्या माणसाला तिथे काहीच सापडत नाही, आणि तो पुढच्या झाडाकडे वळतो. पान उलटून पाहणाऱ्याला कोश दिसतो, आणि तारीख लिहून ठेवली तर अकरा ते तेरा दिवसांनी पुन्हा त्याच पानाखाली वाकावे लागते.